आधी सिंक, मग गॅस: सातारा-सांगलीच्या मुलांनी हॉटेल-केटरिंगचं शिक्षण कसं घ्यावं

दहावी-बारावीचे निकाल लागले की आई-वडील आमच्या टेबलासमोर येऊन बसतात. पोरगं मागे उभं. फॉर्म हातात असतो, पण पेनाचं टोपण काही निघत नाही. पाऊसपाण्याचं बोलून झालं की खरा प्रश्न बाहेर येतो. "सर, एवढं शिकून शेवटी आचारीच व्हायचं ना?"

होय, आचारीच. लग्नसराईत चांगला आचारी मिळवायला किती फोन करावे लागतात, ते एखाद्या मंगल कार्यालयाच्या मालकाला विचारून बघा. शिकून आलेल्या आचाऱ्याला हजार पानांच्या पंगतीचा हिशेब कागदावर मांडता यायला हवा, एवढीच आमची जादा अपेक्षा. ते कुठे शिकायचं, कसं शिकायचं आणि कुठे फसगत होते, ते इथे लिहितो. मी शिकवतो साताऱ्यात, म्हणून उदाहरणंही इथलीच.

काम कुठलं, हे फॉर्म भरण्याआधी ठरवा

हॉटेलात मुख्य खाती चार. किचन (आमच्या भाषेत फूड प्रॉडक्शन), सर्व्हिस म्हणजे वाढप, फ्रंट ऑफिस म्हणजे रिसेप्शन, आणि हाउसकीपिंग म्हणजे खोल्यांची साफसफाई. टीव्हीवरच्या स्पर्धा बघून आलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेफच व्हायचं असतं. मी त्यांना एकच विचारतो, दिवाळीत कुठे असशील? दिवाळीची सुटी म्हणजे महाबळेश्वरचा सीझन. भाऊबीजेला बहिणीशी फोनवरच बोलणं होणार, तेही दुपारचं जेवण आटपल्यावर. हे ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्यानं घरी जाऊन दोन दिवस विचार करावा. बोलका मुलगा असेल तर त्याला सर्व्हिस सुचवतो. तिथे टिप मिळते, माणसं ओळखीची होतात आणि सुरुवातीला पन्नास-साठ इंग्रजी वाक्यं तोंडात बसली तरी निभतं.

नोकरी म्हणजे फक्त पंचतारांकित हॉटेल, हा समजही काढून टाका. महाबळेश्वर-पाचगणी तर आहेच. पण पाचगणीच्या निवासी शाळांच्या मेसमध्ये शेकडो मुलांचं चार वेळचं खाणं रोज बनतं आणि तिथे कामाची वेळ हॉटेलपेक्षा माणसासारखी असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून ते गाव दवाखान्यांचं गाव झालं. दवाखाना आला की पथ्याचं जेवण आलं, म्हणजे डाएट किचन आलं. मोठ्या कारखान्याला सरकार कॅन्टीन सक्तीचं करू शकतं, त्यामुळे एमआयडीसी आणि साखर कारखाने हेही आपले मालक. शिवाय पुणे-बंगळूर हायवेवरची हॉटेलं. कराड-पेठनाक्याच्या पट्ट्यात अख्खा मसूर खाल्ल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कोर्स कुठला

दहावीनंतर सगळ्यात स्वस्त आणि सरळ रस्ता आयटीआयचा. फूड प्रॉडक्शन (जनरल), फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असिस्टंट, बेकर अँड कन्फेक्शनर असे एक वर्षाचे ट्रेड आहेत. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. प्रत्येक आयटीआयला हे ट्रेड नसतात, म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी पोर्टलवर ट्रेडचं नाव टाकून संस्था शोधा. जवळच्या संस्थेत नाही म्हणून वेल्डर घेतला आणि वर्षभर खंत करत बसला, अशी मुलं पाहिली आहेत.

अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला गावाकडे अजून एमसीव्हीसीच म्हणतात. त्यात बारावीचा कागदही मिळतो आणि हातही चालतो.

बारावीनंतर तीन वाटा फुटतात. तंत्रशिक्षण मंडळाचा हॉटेल मॅनेजमेंट अँड केटरिंग टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा ही पहिली. दुसरी याच विषयाची चार वर्षांची बीएचएमसीटी पदवी, तिला राज्य सीईटी कक्षाची परीक्षा. तिसरी वाट हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेच्या तीन वर्षांच्या बीएस्सीची. त्यासाठी एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते ती एनसीएचएम-जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो. दादरची आयएचएम ही हॉटेल मॅनेजमेंटची संस्था, १९५४ ची, याच परिषदेच्या छत्राखाली येते. आपली मुलं या परीक्षेचं नाव ऐकतात तोवर फॉर्मची तारीख उलटलेली असते. बारावीच्या दिवाळीनंतर दर आठवड्याला एनटीएची साइट बघत जा.

नोकरी करता करता शिकायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे हॉस्पिटॅलिटीचे अभ्यासक्रम आहेत. विद्यापीठ नाशिकचं, पण यशवंतराव आपल्या देवराष्ट्रेचे.

पैशाची ओढाताण असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे. आधी एक वर्षाचा आयटीआय करा, मग कमवा, पदवीचं नंतर बघू. कर्ज काढून चार वर्षांची पदवी घेतलेला आणि आयटीआय करून आलेला, दोघंही पहिल्या दिवशी एकाच टेबलावर बटाटे सोलत असतात. पदवीवाला पुढे लवकर वर चढतो, हे खरं. पण त्या मधल्या वर्षांत हप्ता कोण भरणार?

कॉलेज बघायला जाल तेव्हा

इथे घाई करू नका. माझ्या भाच्याचीच गोष्ट. माहितीपुस्तकात पांढऱ्या प्लेटीत सजवलेल्या पदार्थांचे फोटो होते, रिसेप्शनला झुंबर होतं. मेहुण्यानं फी भरली. नंतर कळलं की चाळीस मुलांत चार शेगड्या. सर पुढे उभं राहून करून दाखवायचे आणि मुलं वहीत उतरवून घ्यायची. वर्षानंतर भाचा घरी आला तेव्हा फ्रेंच सॉसची नावं तोंडपाठ होती, पण गवार निवडताना शिरा काढायच्या असतात हे त्याला माहीत नव्हतं.

म्हणून प्रवेशाआधी एकदा प्रॅक्टिकल चालू असताना जा आणि किचन दाखवा म्हणा. सुटीच्या दिवशी बोलावलं तर समजून जा.

आत गेल्यावर शेगड्या मोजा, एका बॅचला किती मुलं ते विचारा आणि भागाकार करा. दोन-तीन मुलांत एक शेगडी असेल तर उत्तम. पाचांत एक असली तर तुमच्या पोराच्या वाट्याला ढवळणं येईल, फोडणी येणार नाही. सिलिंडर कुठे आहेत? ते १९ किलोचे व्यावसायिक हवेत आणि भिंतीबाहेर जाळीत हवेत. टेबलाखाली घरगुती लाल सिलिंडर दिसला तर उलट पावली फिरा. ज्यांना गॅसचा नियम पाळता येत नाही ते स्वच्छता काय शिकवणार?

मग स्टोअरमध्ये डोकवा. वजनकाटा बघा. तो तेलकट, पीठ लागलेला, आकडे पुसट झालेला असेल तर मनातल्या मनात आनंद माना, कारण तो वापरात आहे. प्लास्टिकचं आवरण न काढलेला ओव्हन मी एका ठिकाणी पाहिलाय. गेल्या आठवड्याची इंडेंट बुक मागा. इंडेंट म्हणजे उद्याच्या प्रॅक्टिकलला लागणाऱ्या मालाची मागणी. त्यात पनीर पाव किलो आणि मुलं वीस, असा हिशेब दिसला की सगळं कळतं.

शेवटी बाहेर चहाच्या टपरीवर दुसऱ्या वर्षाची मुलं गाठा आणि विचारा, परवा प्रॅक्टिकलला काय झालं? "सरांनी बिर्याणी दाखवली" हे एक उत्तर. "माझी बिर्याणी खाली लागली" हे दुसरं. दुसरं उत्तर मिळेल तिथे प्रवेश घ्या.

फीचा आकडा लेखी घ्या आणि त्यात युनिफॉर्म, चाकूंचा संच, प्रॅक्टिकलचा किराणा, सहल, परीक्षा फी धरली आहे का ते विचारा. संलग्नता कुणाची, हे त्यांच्या फलकावर नाही तर मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या यादीत तपासा.

पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना सिंकवर उभं करतो. एका वडिलांनी येऊन तक्रार केली, पोराला इथे भांडी घासायला पाठवलंय का म्हणून. त्यांना म्हटलं, याच साताऱ्यात कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातली मुलं कामं करून शिकली आणि त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. भांडी घासण्यात कमीपणा कसला? व्यवहाराचं कारण वेगळंच आहे. कढईच्या बुडाला काय चिकटलंय ते घासताना कळतं. मसाला करपला होता की दूध लागलं होतं, हे सिंकवरचा पोरगा शेफच्या आधी ओळखतो.

मग चाकू. यात आपल्या मुलांची एक खास अडचण आहे. घरी विळीची सवय. विळीवर पातं स्थिर असतं आणि भाजी पुढे सरकते. चाकूत उलटं, भाजी जागेवर आणि पातं चालतं. त्यामुळे विळीवर सराईत असलेली मुलंच सुरुवातीला जास्त बोटं कापून घेतात. मुठीत चाकू धरू नका. पात्याची मागची बाजू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, बाकीची बोटं मुठीवर. डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, नखं लपलेली, पातं पेराला घासून खाली येईल अशी. आधी वेग विसरा. कांद्याचे तीन मिलिमीटरचे चौकोन करायचे आणि शेजारी कंपासपेटीतली पट्टी ठेवायची. मुलं हसतात, पण पंधरा दिवसांनी पट्टीची गरज उरत नाही. रोज घरच्या भाजीचा कांदा तुम्हीच चिरा, आईही खूश.

कापायच्या फळ्यांचे रंग पाठ करा. लाल कच्च्या मटणाला, निळा मासळीला, हिरवा कोशिंबीर-फळांना. शेफकोटाला दोन पदर का, तर वाफेपासून छाती वाचते आणि डाग पडला की पदर उलटा करून लावता येतो. बुटांवर मात्र पैसे वाचवू नका. आठ-नऊ तास उभं राहायचं असतं आणि फरशी ओली असते.

तापमानाचा नियम पहिल्याच आठवड्यात अंगात मुरला पाहिजे. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे अन्न फार वेळ राहता कामा नये. गरम असेल तर ६० च्या वर, गार असेल तर ५ च्या खाली. हे मी स्वतः चूक करून शिकलो. शिकाऊ असताना दहा लिटर बासुंदी झाकण लावून, गरमच, तशीच पातेल्यासकट फ्रिजमध्ये ढकलली. फ्रिज आहे म्हटल्यावर काळजी कसली? सकाळी कडेची बासुंदी गार आणि मधली कोमट, आंबूस. खोल पातेल्याच्या पोटातली उष्णता बाहेर यायला रात्र पुरत नाही. उथळ ट्रेमध्ये दोन-तीन इंचांचा थर करायचा, खाली बर्फाचं पाणी ठेवायचं आणि निवल्यावर फ्रिजमध्ये. त्या दिवशी शेफ ओरडले नाहीत. मला ती बासुंदी बादलीनं मोरीत ओतायला लावली, बास.

वजन आणि हिशेब

सगळ्यात जास्त मुलं इथे कंटाळतात आणि पगाराचा फरक इथेच पडतो. अख्खा मसूर घेऊ, दहा प्लेटी. भाव बाजारात रोज हलतात, पण समजा आज असे आहेत.

मसूर ६०० ग्रॅम, ९० रुपये किलोनं ५४ रुपये. चिरलेला कांदा हवा ५०० ग्रॅम. इथे पहिली चूक होते. सोलून, देठ काढून किलोचा साधारण ८८० ग्रॅम उरतो. म्हणजे ५०० भागिले ०.८८, आणायचा ५७० ग्रॅम. ३० रुपये किलोनं १७ रुपये. टोमॅटो ३०० ग्रॅम, ९ रुपये. तेल १५० ग्रॅम, १४० च्या भावानं २१. कांदा-लसूण मसाला ६० ग्रॅम, ५०० च्या भावानं ३०. बटर १०० ग्रॅम, ५६० च्या भावानं ५६. आलं-लसूण, कोथिंबीर, मीठ मिळून १५. बेरीज २०२, म्हणजे प्लेटीला २० रुपये २० पैसे. मालाचा खर्च विक्रीच्या ३० टक्के ठेवायचा तर २०.२० भागिले ०.३०, प्लेट ६७ रुपयांना विकली पाहिजे. गॅस, पगार, भाडं उरलेल्या ७० टक्क्यांतून.

आता त्या आकड्यांकडे पुन्हा बघा. प्लेटीतली सगळ्यात महाग वस्तू मसूर नाही, बटर आहे. वरून "जरा जास्त" म्हणत प्रत्येक प्लेटीवर दहा ग्रॅम बटर सोडणारा पोरगा मालकाचे प्लेटीमागे ५ रुपये ६० पैसे वितळवतो. दिवसाला शंभर प्लेटी धरल्या तर महिन्याला १६,८०० रुपये. हे गणित मांडता येणाऱ्या मुलाला मालक सोडत नाही.

प्रत्येक पदार्थाचा असा एक कागद करा. साहित्य ग्रॅममध्ये लिहा, "अंदाजे" हा शब्द नको. शेवटी तयार पदार्थाचं एकूण वजन आणि एका प्लेटीचं वजन. दहा प्लेटींवरून दोनशेवर जाताना मात्र सरळ वीसनं गुणू नका. मोठ्या पातेल्यात वाफेनं पाणी तुलनेनं कमी उडतं, म्हणून पाणी हात राखून घाला. मीठ-मिरची तीन चतुर्थांश घालून चव बघा, मग वाढवा.

प्रॅक्टिकल परीक्षा

चिठ्ठीवर मेन्यू आला की गॅसकडे धावू नका. दहा मिनिटं कागदावर घाला. वाढायची वेळ शेवटी लिहा आणि तिथून मागे या. जे सेट व्हायला, भिजायला किंवा मुरायला वेळ घेतं ते पहिलं: पुडिंग, कणीक, भिजवलेली डाळ. तळण आणि हिरवी गार्निश शेवटी. चव चमच्यानं बघा आणि तो चमचा सिंकमध्ये. तळहातावर घेऊन चाटलं की परीक्षक न बोलता गुण कापतात. टोमॅटोचं गुलाब करण्यात वीस मिनिटं घालवू नका. परीक्षकांनी असे हजार गुलाब पाहिलेले असतात आणि त्यांची नजर तुमच्या ओट्याच्या स्वच्छतेवर असते.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, "का" विचारतात. माण तालुक्यातली एक मुलगी होती. तिची भाकरी अशी पातळ आणि टम्म, की परीक्षकांनी एक बांधून घेतली. मग विचारलं, "ज्वारीच्या पिठाला गरम पाणी का घालतेस?"

"आई घालते म्हणून."

गुण गेले. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, पीठ ताणलं जात नाही. गरम पाण्यानं त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पीठ बांधून ठेवतो. जे तुमच्या हाताला आधीपासून येतं त्याचं कारण शोधून ठेवा. घरच्या दहा पदार्थांची अशी वही केली तर व्हायवा अर्धी झाली.

ट्रेनिंगला जाताना

आमच्याकडे "आयटीला गेलाय" म्हटलं की संगणकाचं काही नसतं, इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतं. महाबळेश्वरला जायचं तर महिना बघून जा. पावसाळ्यात तिथे धुकं आणि रिकाम्या खोल्या असतात, शिकायला काही मिळत नाही. दिवाळी ते मे हा काळ धरा.

हॉटेल मोठं की छोटं यापेक्षा पत्रात काय लिहिलंय ते बघा. स्टायपेंड किती, राहणं-जेवण कुणाचं, आठवड्याची सुटी, आणि कुठल्या खात्यात किती आठवडे. हे शेवटचं लिहून घेतलं नाही तर चार महिने एकाच टेबलावर जातात. माझे पहिले दोन महिने बटाटे सोलण्यात गेले. मग एकदा शेफना म्हटलं, "ड्युटी संपल्यावर तास-दीड तास तंदूरवर उभा राहू का?" ते हो म्हणाले, कारण फुकटचा हात कुणाला नको असतो? मी नान लावायला असा शिकलो. लॉगबुक, म्हणजे कामाची नोंदवही, रोज रात्री लिहा, महिन्याच्या शेवटी एकदम लिहिलेलं शाईवरून ओळखू येतं.

कोर्स संपल्यावर शिकाऊ उमेदवारी करणार असाल तर ती १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली नोंदलेली हवी. तिथे विद्यावेतन देणं मालकावर बंधनकारक आहे.

मुलींच्या पालकांनी तीन गोष्टी नक्की विचाराव्यात: रात्रीची ड्युटी सुटल्यावर सोडायला गाडी आहे का, मुलींची राहण्याची जागा वेगळी आहे का, आणि तक्रारीची अंतर्गत समिती आहे का. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे ती समिती २०१३ च्या कायद्यानं असावीच लागते. विचारलं म्हणून कुणी तोंड वाकडं केलं, तर ते हॉटेल नको.

बॅगेत काय न्यायचं? आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स, वैद्यकीय तपासणीचा दाखला, चार फोटो, कॉलेजचं पत्र. शेफकोट दोन, कारण पाचगणीच्या हवेत धुतलेला कोट एका रात्रीत वाळत नाही. सुती मोज्यांचे चार जोड, पायाला लावायची पावडर, खिशात मावणारी वही, दोन पेनं, भाजल्यावर लावायचं मलम. स्वेटर. आणि एक चांगलं कुलूप. लॉकर हॉटेल देतं, कुलूप आपलं आपण न्यावं लागतं.